जुन्या मोटारीतील हवेचे माप

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून प्राप्तिकरापर्यंत अनेक विषय झाले. मोटारीच्या इंजिनात शिरणाऱ्या हवेवर मात्र बहुधा कोणी बोलले नसावे. मी कलाशाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर. तेव्हा हा विषय मी घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, तीच सुट्टीत मुलाबाळांना घेऊन नागपूर-पुण्याकडे धावते, आणि भर महामार्गावर ती धापा टाकू लागली म्हणजे कोणतीही पदवी कामास येत नाही.

१ एप्रिल २००० पासून देशभर ‘भारत २०००’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर झपाट्याने मागे पडला. पेट्रोल किती सोडावयाचे ते आता गाडीतील संगणक ठरवितो. एक भाग पेट्रोल नीट जळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणून आत येणारी हवा मोजणे आले. काही गाड्यांत ती दाबावरून काढतात. आमच्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे नळीत एक बारीकशी तप्त तार आहे. हवा तिला थंड करते, आणि तिचे तापमान कायम राखण्यास जितकी वीज लागेल त्यावरून हवेचे वजन कळते. या तत्त्वाचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली मांडले होते. दीड लिटरचे इंजिन गरम होऊन संथ चालत असता सेकंदाला साधारण दोन ते चार ग्रॅम हवा ओढते. राजस्थानातील धूळ या तारेवर बसली की माप कमी भरते, हे येथे राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. फिल्टर वेळेवर बदलावा.

आमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपून पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागू लागला. शहरातील एका कार्यशाळेने यंत्र जोडून ‘पी ०१०२’ हा संकेत वाचला आणि नवा सेन्सर बसविला. बिल बरेच झाले. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला.

मंडळी, या संकेताचा अर्थ ‘सेन्सर बिघडला’ असा नाहीच. हवेच्या मापाच्या मंडलातून येणारा संदेश फार क्षीण आहे, एवढेच तो म्हणतो. कचेरीत ‘जिल्ह्याकडून अहवाल अप्राप्त’ असा शेरा येतो, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने अहवाल लिहिलाच नाही असे थोडेच सिद्ध होते? टपाल वाटेत अडकले असेल. अधिकारी बदलून टपाल सुधारत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही कानोत्याच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. परतताना आग्रा रस्त्यावर एका ट्रकला मागे टाकीत असता गाडीचा जोर एकाएकी गेला. समोरून बस येत होती, मागच्या आसनावर माझी ऐंशीच्या घरातील आई. ट्रकचालकाने वेग कमी केला म्हणून आम्ही कडेला लागलो. कानोत्यातच एका टपरीवजा गॅरेजमध्ये मध्यम वयाचे एक उस्ताद भेटले. बॉनेट उघडण्यापूर्वी त्यांनी विचारले, “साब, झटका लगने पर बंद होती है, या गरम होने पर?” सौभाग्यवतींनी ताबडतोब सांगितले की तिन्ही वेळा खड्डा किंवा गतिरोधक आला होता. कानोत्याचे ठाकूर अमरसिंह यांनी १८९८ ते १९४२ अशी चव्वेचाळीस वर्षे रोज दैनंदिनी लिहिली. तिचे ८९ खंड भरले. आपण गाडीच्या दुखण्याची एक पानभर नोंद ठेवली तरी मेकॅनिकचे निम्मे काम होते.

उस्तादांनी प्रथम फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी चाचपली, कारण तेथे चीर असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. मग सेन्सरचा प्लग काढून, किल्ली फिरवून मल्टिमीटर लावला. पुरवठ्याच्या तारेवर १२ व्होल्ट होते; अर्थच्या तारेशी धरूनही तेवढेच. येथेच पुष्कळजण फसतात. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ वीज ओढत नाही, त्यामुळे कुजलेली तारही त्याला निरोगी दिसते. उस्तादांनी त्याच दोन टोकांना एक लहान बल्ब जोडला. तो मिणमिणत लागला. पुरवठ्याची तार तशीच ठेवून बल्बचे दुसरे टोक इंजिनाच्या लोखंडाला लावताच लख्ख प्रकाश पडला. म्हणजे पुरवठा निर्दोष, दोष अर्थच्या वाटेत. बल्ब पुन्हा पहिल्या जागी लावून वायरिंगचा जुडगा हलविला तर तो विझलाच.

एक इशारा येथेच देतो: संदेशाच्या तारेला बल्ब कधीही लावू नये, आणि ज्या गाडीत सेन्सरची अर्थ संगणकातून जाते तेथेही नाही, संगणक जळण्याची भीती असते. तेथे चालू स्थितीत अर्थच्या तारेवरील व्होल्टेज मोजावे. ते ०.१ व्होल्टच्या आत असावे.

तारेचा माग बॅटरीच्या तबकाखालील एका बोल्टपाशी संपला. आम्लाच्या वाफांनी टोकावर हिरवट कीट चढले होते आणि नट ढिला होता. जयपूरचे सवाई जयसिंह पितळी यंत्रांवर नाराज होते, कारण त्यांचे आस झिजतात आणि मध्य सरकतो. म्हणून त्यांनी जंतरमंतरात चुन्या-दगडाची यंत्रे उभारली. आपल्याला दगडाची मोटार बांधता येत नाही, तेव्हा सांधे तपासणे भाग आहे. उस्तादांनी टोक कापून नवे बसविले, पत्रा पॉलिश पेपरने घासला, नट आवळला, वर ग्रीस लावले. बल्ब लख्ख लागला, जुडगा हलविला तरी हलला नाही. मग प्लग जोडून इंजिन चालू केले, तेव्हा संदेशाची तार संथ चालीत एक व्होल्टच्या आसपास दाखवू लागली आणि ॲक्सिलरेटर दाबताच न अडखळता चढली.

मजुरी त्यांनी दोनशे रुपये मागितली. कार्यशाळेने काढून दिलेला जुना सेन्सर डिकीत होता. तोच पुन्हा बसवून पाहिला, तर तोही बिनतक्रार चालला. नवा आता घरी कपाटात आहे. मंडळातील कोणाच्या गाडीला तो बसत असेल तर अवश्य न्यावा. मात्र आधी अर्थची तार पाहून या.