खेळयंत्राचा बिघाड आणि आमची घाई



वसंत व्याख्यानमालेत हा दुरुस्तीचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. तथापि बिघाड शोधणे हीही विचार करण्याचीच एक रीत आहे. आणि ती न पाळल्याने आम्हांस मिळालेला धडा आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

जपानच्या सेगा कंपनीने १९८८ साली ‘मेगा ड्राइव्ह’ हे टीव्हीला जोडून खेळावयाचे यंत्र बाजारात आणले. त्याला अडॅप्टरमधून ९ व्होल्ट मिळतात; आतील चिपांना मात्र ५ व्होल्टच हवेत. पहिल्या नमुन्यात हे काम ७८०५ या जातीचे दोन रेग्युलेटर वाटून घेतात. मग वरचे ४ व्होल्ट जातात कोठे? उष्णतेत. एका रेग्युलेटरमधून १ अँपिअर प्रवाह गेला, तर ४ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून त्याला धातूची पट्टी जोडलेली असते. ही पट्टी चांगली तापणे हा दोष नव्हे.

एका स्नेह्यांचे असे यंत्र आमच्याकडे आले. खेळ सुरू होई, चित्र गोठे आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून चालू होई. नुसता अडॅप्टर मोजला, तर १२ व्होल्ट दाखवी. तेव्हा अडॅप्टर निर्दोष ठरवून आम्ही रेग्युलेटरला दोषी धरले व दोन्ही बदलले. जुने काढताना सर्किट बोर्डावरील तांब्याची एक बारीक रेघ उखडली. बिघाड मात्र होता तसाच!

मग खेळ चालू ठेवून मोजले. रेग्युलेटरच्या तोंडाशी जेमतेम ६ व्होल्ट येत होते. ७८०५ ला आपल्या ५ व्होल्टांवर सुमारे २ व्होल्ट अधिक, म्हणजे ७ तरी लागतात. जुन्या धर्तीचा अडॅप्टर भार नसताना जास्त व्होल्ट दाखवितो. भार पडताच आमच्या अडॅप्टरचे अवसान गळत होते. पट्टी नेहमीपेक्षा थंड होती, हीच खूण होती. आम्ही ती वाचली नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. वीज बंद करून रेग्युलेटरचा बाहेरचा पाय व मधला पाय यांमधील रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल, तर पुढे कोठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी रेग्युलेटर प्रवाह रोखून धरतो, तो त्याचा धर्मच आहे. नंतर यंत्र चालू करून आत येणारे व बाहेर जाणारे व्होल्ट पाहावेत. आत ७ च्या वर, बाहेर ४.८ ते ५.२ च्या दरम्यान नाहीत, आणि शॉर्टही नाही, तरच रेग्युलेटर बदलावा.

उखडलेली रेघ आम्ही तार जोडून सांधली. यंत्र आज चालते. पण तो सांधा आमच्या घाईची साक्ष देत राहिला आहे. मोजल्यावाचून कोणास दोषी ठरवू नये, इतकेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.