सहीची साक्ष

हॉकीपटू रूपसिंह यांचा जन्म १९०८ साली जबलपुरात झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळविला. त्यांतील १० गोल त्यांचे होते. अशा खेळाडूची सही इंटरनेटच्या बाजारात दिसली, की जबलपूरकर रसिकाचा हात खिशाकडे वळावा, हे स्वाभाविकच होय. परंतु ती खरी कशावरून?

विक्रेता प्रमाणपत्र पुढे करतो. पण जो सही बनवितो, त्याला प्रमाणपत्र बनविणे अवघड नाही. शाईची साक्ष अधिक मोलाची. बॉलपेन रुळले ते १९४५ नंतर. तेव्हा १९३६ साली बर्लिनमध्ये घेतलेली म्हणून दाखविलेली बॉलपेनची सही खोटीच ठरते. मात्र शाई जुळली म्हणजे हात जुळला, असे नव्हे. त्यासाठी निर्विवाद नमुन्याशी अक्षराचे वळण, लेखणीचा वेग आणि दाब ताडून पाहावा लागतो. पडद्यावरील छायाचित्रात दाब कुठला दिसणार?

मध्य प्रदेशातून आलेल्या मुरारीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली सांगितले, की हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत त्याज्य नव्हे. पण त्यामागील कारणे पारखून, सावधपणेच ते स्वीकारावे. ग्राहकानेही तेच करावे.

रूपसिंह १९७७ साली निवर्तले. आपली सही कोणती, हे सांगावयास ते आता येणार नाहीत. म्हणूनच त्यांच्या नावावर शंका घेणे हा अनादर नव्हे. तो त्यांच्या नावाचा सांभाळ होय.