आधी प्रमाणपत्र पाहा



घरात स्वमग्न तरुण किंवा तरुणी आहे?
मग दिव्यांग प्रमाणपत्र बाहेर काढा.
‘कायमस्वरूपी’ लिहिलंय, की मुदतीची तारीख आहे?
ते आधी पाहा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे.
दिव्यांगत्वात बदलाची शक्यता नसेल,
तर प्रमाणपत्र कायमचं द्यावं,
असा नियम आहे.

मग मुदत संपली की पुन्हा पुन्हा तपासणी कशाला?
दवाखान्यात रांग.
नाव पुकारणारा कर्कश आवाज.
आणि कानांवर हात दाबून बसलेलं, तिशीतलं आपलं लेकरू!

निराधार योजनेच्या अनुदानासाठीचा हयातीचा दाखला वेगळा बरं का.
तो दरवर्षी द्यावाच लागतो.
त्यात दिव्यांगत्वाची तपासणी नसते.

प्रमाणपत्रावर मुदत दिसली,
तर कारण विचारा.
लेखी विचारा.
निर्णय पटला नाही,
तर कायद्यानं अपील करता येतं.