टीव्ही तिकडचा, मत इकडचं

(मंडळाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आज आम्हाला विषय दिला आहे, ‘राजकारण आणि रोजचं जगणं’. आम्ही बँकेतले कारकून. बी. कॉम. झालो आणि काउंटरवर बसलो, ते अजून तिथेच आहोत. तेव्हा राजकारणावर बोलायचा आमचा अधिकार पानाच्या गल्ल्यावर उभ्या असलेल्या कुणाही माणसाइतकाच. पण काउंटरच्या जाळीतून शहर बरंच दिसतं. तेवढंच सांगतो.

सुरतेत मराठी माणसाचं आयुष्य कसं असतं ते बाहेरच्याला कळत नाही. आमच्या एका नवीन लग्न झालेल्या सहकारी ताई पुण्याहून बदलून आल्या होत्या. पहिल्याच दिवशी एका काकांनी जाळीतून डोकावून त्यांना विचारलं, “बेन, नवरा छो?” ताई लाल. आम्हाला मध्ये पडून सांगावं लागलं, की काकांना फक्त ‘मोकळ्या आहात का’ एवढंच विचारायचं आहे. आता त्या ताई स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात, “हमणा नवरी नथी.” आपण तर चार पिढ्या या दोन भाषांच्या मध्ये राहतो. भांडण मराठीत, हिशेब गुजरातीत आणि देवाला नवस दोन्हीत.

आपण इथे पाहुणे नाही, हे आधी बोलून ठेवलं पाहिजे. आपले आजोबा-पणजोबा आले तेव्हा सुरत मुंबई इलाख्यात होती, पुढे मुंबई राज्यात. १ मे १९६० ला राज्य बदललं, आपलं घर तिथेच राहिलं. त्याच्याही फार आधी दादोबा पांडुरंग इथे शिक्षक म्हणून आले. मराठीचं व्याकरण लिहिणारा हा माणूस सुरतेत आला आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्याने मानवधर्म सभा काढली. सुरतेतल्या अंधश्रद्धेवर आणि जातिभेदावर, सुरतेच्या लोकांबरोबर, सुरतेत बसून चर्चा केली. हे आमच्या मते लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण आज आपलं नेमकं उलटं चाललं आहे.

संध्याकाळी आपल्या घराघरात काय लागतं? मुंबईच्या मराठी बातम्या. कोण कुठल्या गटात गेला, कोणाचं चिन्ह कोणाला मिळालं, कोण कोणाच्या बंगल्यावर गेला, सगळं तोंडपाठ. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार रातोरात सुरतेच्या हॉटेलात येऊन राहिले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन वाजायचे थांबेनात. “काय हो, काय चाललंय तुमच्याकडे?” जणू त्यांच्या चहाची व्यवस्था आपल्याकडेच होती! आम्ही प्रत्येकाला सांगितलं, सुरतेत येऊन पक्ष फुटण्याची प्रथा जुनी आहे. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेस इथेच फुटली. खरं तर ते अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, ते सुरतेला हलवलं. टिळक बोलायला उभे राहिले, गोंधळ झाला, जोडा फेकला गेला आणि जहाल-मवाळ वेगळे झाले. फरक एवढाच, की १९०७ साली मंडळी सुरतेत भांडून घरी गेली आणि २०२२ साली इथून विमानाने गुवाहाटीला गेली.

हसलात, बरं वाटलं. आता जरा न हसण्यासारखं.

एप्रिल २०२४. लोकसभेची निवडणूक. सुरतेच्या जागेवर २१ तारखेला काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण सूचकांनी लिहून दिलं, की अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत. पर्यायी उमेदवाराचंही तेच झालं. २२ तारखेला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, उरलेल्या आठही जणांनी अर्ज मागे घेतले. भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. एकच उमेदवार उरला तर मतदान घ्यायचं नाही, त्याला निवडून आल्याचं जाहीर करायचं, असा कायदाच आहे. २०१३ पासून मशीनवर ‘नोटा’चं बटण आहे म्हणतात, पण मशीनच आलं नाही तर बटण कुठून येणार?

इथे कोण चूक, कोण बरोबर याचा निवाडा करायला आम्ही उभे नाही. या सभागृहात सगळ्या पक्षांचे लोक बसलेले आहेत आणि चहा सगळ्यांना एकाच किटलीतून मिळतो. जे निवडून आले ते मतदान होऊनही कदाचित आले असते. १९८९ पासून ही जागा त्याच पक्षाकडे आहे, २०१९ ला तर फरक साडेपाच लाखांच्या आसपास होता. आमचं म्हणणं वेगळं आहे. सही जुळत नाही म्हणून चेक परत करणं हा आमचा रोजचा धंदा. पण चेक परत गेला तरी खातेदाराची शिल्लक खात्यात राहते. त्याला दुसरा चेक लिहिता येतो. इथे सह्या चार जणांच्या जुळल्या नाहीत आणि शिल्लक सोळा लाखांहून अधिक खातेदारांची गेली. त्यांना कोणी विचारलंही नाही. मोरारजी देसाई ज्या जागेवरून पाच वेळा लोकसभेत गेले आणि १९७७ साली पंतप्रधान झाले, त्या जागेवर ७ मे २०२४ ला एकाही बोटाला शाई लागली नाही.

आणि त्या दिवशी आपल्या घरांत काय चाललं होतं? त्याच दिवशी बारामतीत मतदान होतं. कोटातल्या जुन्या घरांमध्ये, जिथे स्वतःला मत द्यायला मिळालं नव्हतं, तिथे दिवसभर टीव्हीपुढे एकच चर्चा. नणंद जिंकणार की भावजय?

बारामतीत जे होतं ते महत्त्वाचं नाही, असं आमचं म्हणणं नाही. मूळ गाव तिकडचं, जीव तिकडे अडकणारच. पण बारामतीचा निकाल कसाही लागला तरी आपल्या गल्लीतला ड्रेनेजचा पाइप त्याने बदलत नाही.

गंमत बघा, याच शहराच्या दुसऱ्या भागात त्या दिवशी रांगा होत्या. लिंबायत, उधना, मजुरा, चोर्यासी हे विधानसभा मतदारसंघ नवसारी लोकसभेत येतात. जुन्या घरांतले आपण कधी कधी ‘ती खानदेशातून मागाहून आलेली मंडळी’ असं जरा नाक वर करून बोलतो. यंत्रमागावर काम करायला आली, पत्र्याच्या खोलीत राहिली. पण त्यांनी पहिल्यापासून इथलं राजकारण आपलं मानलं. २००९ पासून नवसारीतून निवडून येणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, २०२४ साली ते केंद्रात मंत्री झाले. लिंबायतमधून संगीता पाटील २०१२ पासून तीन वेळा आमदार झाल्या. ते कुठल्या पक्षाचे हे क्षणभर बाजूला ठेवा. नाही तरी तापी खानदेशातूनच सुरतेला येते आणि तिचं पाणी पिताना आपण नाक वर करत नाही.

आता आमच्या काउंटरवरचं रोजचं दुखणं. सुरतेत शाळेत घालताना मास्तर प्रेमाने नावाला ‘भाई’ किंवा ‘बेन’ लावतात. ‘सुरेश’चा ‘सुरेशभाई’ होतो. पुढे आधार कार्डावर तो नुसता ‘सुरेश’. आईचं नाव माहेरच्या कागदावर ‘सुमनबाई’, इथल्या रेशन कार्डावर ‘सुमनबेन’, पासबुकात ‘सुमन’. माणूस एक, नावं तीन. केवायसीच्या वेळी कॉम्प्युटर म्हणतो, या तिघी वेगळ्या आहेत. पेन्शन अडकते आणि सत्तर वर्षांची बाई आम्हाला विचारते, “भाऊ, मग मी कोण?” याचं उत्तर बँकेच्या परिपत्रकात नसतं.

ही गोष्ट फक्त पासबुकाची असती तर इथे सांगितली नसती. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातेत मतदार याद्यांची विशेष सखोल तपासणी सुरू झाली. आपलं किंवा आई-वडिलांचं नाव २००२ च्या यादीत दाखवा, असं फॉर्मवर आलं. तेव्हा कितीतरी ओळखीची माणसं पैशाच्या कामासाठी नव्हे, तर तो फॉर्म घेऊन आमच्याकडे आली. यादीत ‘भाई’ आहे, आधारवर नाही, आता काय करू? एका काकांनी सगळी माहिती भरली, मग हळूच म्हणाले, “एवढं करून मत द्यायला मिळेल ना?” आम्ही काउंटरवर रोज शंभर प्रश्नांना उत्तर देतो. या प्रश्नाला पटकन ‘हो’ म्हणवलं नाही.

भाषेचंही तसंच. महाराष्ट्राने २०२० साली शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हा आपल्यातल्या काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. आम्हाला दोन्ही कायदे पटतात. तिकडे आलेल्याने मराठी शिकावं असं म्हणायचं असेल, तर इकडे आपल्या नातवाने गुजराती मन लावून शिकलं पाहिजे. आणि त्याची मराठी? महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात मराठी आहे. ती शाळा टिकवायची तर तिच्यात मुलं लागतात आणि तिच्यासाठी नगरसेवकाच्या दारात जाऊन बसणारे पालक लागतात. हे काम मुंबईतला कुठलाही सेनापती येऊन करणार नाही.

‘तारक मेहता’मधला आत्माराम भिडे आठवा. २००८ पासून सगळा गुजरात त्याला हसतो आणि आपल्यालाही शेजारी लाडाने ‘भिडेभाई’ म्हणतात. स्कूटर, पावती, नियम आणि कटकट. हसू द्या. पण सोसायटीची मीटिंग बोलावतो कोण? फळ्यावर नोटीस लिहितो कोण? भिडे. आपल्याला प्रत्येक वॉर्डात असे भिडे हवे आहेत.

मोठं काही सुचवायची आमची पात्रता नाही. तीन छोटी कामं सुचवतो. एक, घरातल्या प्रत्येकाचं नाव मतदार यादीत स्वतः डोळ्यांनी बघा आणि शेजारच्या खानदेशी, उडिया, गुजराती घराचंही बघून द्या. दोन, वॉर्डातल्या चारही नगरसेवकांची नावं तोंडपाठ करा. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाची असतात, मग ही का नकोत? तीन, मंडळाच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं फक्त सुरतेची ठेवा. पाणी, रस्ता, शाळा, यादी. सोळाव्या मिनिटाला खुशाल मुंबईला जा, आम्हीही येतो.

पुढच्या वेळी मत द्यायला मिळेल की नाही, हे सर्वस्वी आपल्या हातात नाही. पण मत मिळालं नाही, हे आपल्या लक्षात तरी आलं पाहिजे. ज्याला आपली शिल्लक किती हे ठाऊक नसतं, त्याच्या खात्यातून काय गेलं हे त्याला कधीच कळत नाही. एवढं आम्ही नोकरीत शिकलो.

चहा आणि लोचो तयार आहे, असा निरोप मागून आला आहे. सुरतेत यापुढे कोणी बोलत नाही.

जय महाराष्ट्र, जय गुजरात.