कमी खर्चात इलेक्ट्रॉनिक संगीत : पहिलं सॉफ्टवेअर निवडताना

संगणकावर संगीत रचण्याच्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. संगीतकारांच्या बोलण्यात ते नुसतं ‘डॉ’ होतं. आवाज ध्वनिमुद्रित करून कापणं-जोडणं हे त्याचं एक काम. दुसरं काम मिडीचं. मिडी ही वाद्यांमधली आणि संगणकांमधली सूचनांची भाषा. १९८३ साली ती ठरली आणि आजही तीच चालते. मिडीत आवाज नसतो. कोणता स्वर, कधी, किती जोरात आणि किती वेळ, एवढीच माहिती तिच्यात साठते. त्या सूचना वाचून प्रत्यक्ष नाद काढतात ती प्लगइन, म्हणजे संगणकातली आभासी वाद्यं. ही वाद्यं चालवणं, त्यांचे ट्रॅक एकमेकांत मिसळणं आणि शेवटी एक गाणं बाहेर काढणं हेही ‘डॉ’कडेच येतं. नवशिक्याची पहिली गल्लत इथेच होते. नुसतं ध्वनिमुद्रण करणारं सॉफ्टवेअर आणि वाद्यं वाजवणारं सॉफ्टवेअर सारखं नसतं, आणि फुकट मिळणाऱ्यांपैकी काहींना यातलं एकच काम येतं.

हे सगळं एका लॅपटॉपवर मावायला बराच काळ जावा लागला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवला गेला, तेव्हा असं यंत्र ही संस्थेनंच बाळगायची वस्तू होती. मुंबईत चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून दहा रागांची तबकडी केली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र. टीबी-३०३ हे बेस गिटारला स्वस्त पर्याय म्हणून बाजारात आलं होतं. ते खपलं नाही आणि १९८४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. पुढे जुन्या बाजारातून ते शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं आणि त्यातून नृत्यसंगीताचा एक आख्खा प्रकार उभा राहिला. चरणजित सिंग यांची तबकडी त्याच्याही काही वर्षं आधीची. नाव घेण्याजोगं इलेक्ट्रॉनिक संगीत महागड्या यंत्रावरच होतं, हा समज टीबी-३०३च्या या एका उदाहरणानं पुसला जायला हवा.

चेन्नईत यंत्रांचा हा प्रवास आणखी जवळून दिसतो. शहरातल्या अण्णा नगर भागापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर कोडंबाक्कम आहे, तमिळ चित्रपटसृष्टीचं घर. इळैयराजा यांनी १९८६ च्या ‘पुन्नगै मन्नन’ चित्रपटात संगणकाच्या आणि सीक्वेन्सरच्या साह्यानं संगीत बांधलं. भारतीय चित्रपटातला तसा पहिला प्रयोग म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्यानंतर ए. आर. रहमान यांनी कोडंबाक्कममध्ये घराच्या आवारात पंचतन रेकॉर्ड इन हा स्टुडिओ उभारला आणि १९९२ च्या ‘रोजा’चं संगीत तिथे घडलं. मोठ्या वाद्यवृंदाला एका वेळी एका खोलीत बसवून वाजवून घेण्याऐवजी संगणकावर थर रचत जाण्याची पद्धत या शहरानं देशाला दाखवली. तेव्हा त्या पद्धतीसाठी लागणारी सामग्री एखाद्या सामान्य घराच्या आवाक्यातली नव्हती. आज अण्णा नगरातल्या एखाद्या सदनिकेत कॉलेजच्या मुलाकडे असलेला लॅपटॉप ते काम करू शकतो.

म्हणून निवडीची सुरुवात सॉफ्टवेअरच्या यादीपासून न होता घरात असलेल्या संगणकापासून व्हावी. ॲपलचा मॅक असेल तर प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो : २००४ मध्ये आलेलं गॅरेजबँड त्यावर फुकट मिळतं, ध्वनिमुद्रण आणि मिडी दोन्ही करतं, सोबत भरपूर वाद्यं देतं. आयफोन आणि आयपॅडवरही ते चालतं. पुढे ॲपलचंच लॉजिक प्रो घ्यायचं ठरलं तर गॅरेजबँडमधलं गाणं त्यात थेट उघडतं. विंडोज वापरणाऱ्यांनी मात्र आधी मेमरी पाहावी. आठ जीबी रॅम असेल तर बहुतेक सॉफ्टवेअर नीट चालतात. चार जीबीवरही काम होतं, पण तिथे आकारानं मोठी, प्रत्यक्ष वाद्यांच्या नमुन्यांवर चालणारी प्लगइन टाळून गणितानं नाद घडवणारे हलके सिंथेसायझर वापरावे लागतात.

तामिळनाडू सरकारनं २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत विंडोजच्या जोडीला सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं घडवलेली बॉस लिनक्स ही प्रणाली होती. शक्तीनं बेताचे असे लॅपटॉप अनेक घरांत अजून कपाटात पडून आहेत. त्यांच्यासाठी, आणि चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या जुन्या संगणकांसाठीही, एलएमएमएस हे सॉफ्टवेअर पहिलं म्हणून योग्य ठरतं. ते मुक्त आणि फुकट आहे. लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतं. त्यात ठेका बसवण्यासाठी चौकटी आहेत, स्वर मांडण्यासाठी पियानो रोल आहे आणि पुष्कळ सिंथेसायझर आधीच घातलेले आहेत. त्यातला एलबी३०२ हा नेमका चरणजित सिंग यांच्या त्या टीबी-३०३ ची नक्कल करतो. एक मोठी उणीव मात्र आहे : एलएमएमएसच्या प्रचलित आवृत्तीत गायकाचा आवाज थेट ध्वनिमुद्रित होत नाही. तो ऑडॅसिटी या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मुद्रित करून आणावा लागतो. ऑडॅसिटी २००० सालापासून आहे आणि ध्वनी कापण्या-जोडण्यासाठी उत्तम आहे, पण वाद्यसंगीत रचण्याचं ते साधन नव्हे.

एकाच ठिकाणी दोन्ही हवं असेल तर ट्रॅक्शन कंपनीचं वेव्हफॉर्म फ्री पाहावं. त्यात ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा नाही. लिनक्सवर आर्डर हे भक्कम सॉफ्टवेअर वितरणांच्या भांडारातून फुकट उतरवता येतं; विंडोज आणि मॅकसाठी तयार आवृत्ती हवी असेल तर थोडे पैसे द्यावे लागतात. ज्याच्याकडे फक्त फोन आहे त्याला बँडलॅब हे सिंगापूरच्या कंपनीचं ॲप पुरेसं आहे. ते ब्राउझरमध्येही उघडतं आणि काम इंटरनेटवर साठवतं. सहा महिने फोनवर रचना करून मग संगणक घेणारा माणूस आपल्याला काय हवं हे दुकानात जाण्याआधीच ओळखून असतो.

विकत घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्यापुढे प्रामुख्यानं तीन नावं येतात. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचं एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावानं सुरू झालं. महाराष्ट्रात गणेशोत्सवासाठी डीजे रिमिक्स करणाऱ्या मुलांत ते फार चालतं, कारण तालाचे चौकोन भरत जाण्याची त्याची रीत पटकन हाताला बसते. एकदा घेतलं की पुढच्या सर्व आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात, हा त्याचा मोठा गुण. चाचणी आवृत्तीला मुदत नाही, पण जतन केलेलं काम तिच्यात पुन्हा उघडत नाही. म्हणजे ओळख करून घेण्यापुरतीच ती उपयोगी. त्याच्या स्वस्त आणि महाग आवृत्त्यांत वाद्यांच्या संख्येपलीकडेही फरक असतो. आपल्या आवृत्तीत आवाज मुद्रित करता येतो की नाही, हे पैसे भरण्याआधी कंपनीच्या तक्त्यात वाचलंच पाहिजे.

रीपर हे जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचं. विनॲम्प हा एके काळी घराघरांत असलेला गाण्यांचा प्लेअरही त्यांचाच. वैयक्तिक वापरासाठी रीपरचा परवाना ६० डॉलरना मिळतो, म्हणजे रुपयांत पाच हजारांच्या वर. साठ दिवस ते पूर्णपणे, काहीही न अडवता वापरून पाहता येतं. आकारानं ते इतकं छोटं आहे की जुन्या संगणकावरही सुरळीत चालतं. सोबत वाद्यं जवळजवळ येत नाहीत, आणि हीच नवशिक्याला खटकणारी बाब. ती फुकट प्लगइननी भरून काढता येते : सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन सिंथेसायझर पैसे न मोजता मिळतात आणि व्यावसायिकही ते वापरतात. तिसरं नाव बर्लिनच्या एबलटन लाइव्हचं. मंचावर लूप जागच्या जागी बदलत वाजवणाऱ्यांसाठी ते मुख्यतः घडलं. त्याची लाइट ही मर्यादित आवृत्ती अनेक छोट्या मिडी कीबोर्डांसोबत फुकट येते, म्हणून कीबोर्ड घेताना खोक्यात कोणतं सॉफ्टवेअर आहे ते विचारावं. परदेशी कंपनीकडून ऑनलाइन घेतलेल्या सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागू होतो आणि कार्डाची बँक चलन बदलण्याचा आकार घेते. डॉलरमधली किंमत त्यामुळे शेवटच्या आकड्यापेक्षा कमी भासते. विद्यार्थ्यांना काही कंपन्या सवलत देतात; ओळखपत्र जवळ असेल तर ती अवश्य मागावी.

चोरीच्या प्रती सर्रास फिरतात. त्या घेऊ नयेत. कुलूप फोडणाऱ्या फाइलसोबत संगणकात विषाणू येतो, हा धोका खराच. पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. अशा प्रतीत अद्ययावत आवृत्ती येत नाही, एखाद्या दिवशी ती उघडत नाही आणि तिच्यात केलेलं दोन वर्षांचं काम अडकून पडतं. फुकट आणि कायदेशीर इतकं चांगलं उपलब्ध असताना हा व्यवहार तोट्याचा आहे.

भारतीय संगीताच्या कानानं पाहिलं तर निवडीचा खरा कस याच्या पुढे लागतो, आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत हा भाग सहसा नसतो. पियानो रोलवर सप्तकाचे बारा समान भाग असतात, प्रत्येकी शंभर सेंटचे. त्यावर शुद्ध गंधार षड्जापासून चारशे सेंटवर येतो. तानपुऱ्याशी जुळलेला भूपातला गंधार मात्र सुमारे १४ सेंट खाली असतो. मागे षड्ज-पंचमाचा अखंड सूर ठेवून हे दोन गंधार आळीपाळीनं वाजवले, की न शिकलेल्या कानालाही फरक कळतो. म्हणून सिंथेसायझरला स्वरांची जागा बदलू देण्याची सोय आहे का, हे पाहावं. सर्ज एक्सटी आणि व्हायटल या दोन्हींत स्वरसप्तकाची वेगळी फाइल भरता येते.

मींड आणि गमकांसाठी स्वर वर-खाली सरकवणाऱ्या पिच बेंडचा आधार घ्यावा लागतो. मिडीत पिच बेंडच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि सहसा ती वर-खाली दोन अर्धस्वर एवढीच पसरलेली असते. मध्यमावरून वरच्या षड्जापर्यंतची मींड हवी असेल तर ही मर्यादा प्लगइनमध्ये वाढवावी लागते. कर्नाटक पद्धतीचा कंपित स्वर माउसनं रेषा काढून उभा करणं हे कष्टाचं काम आहे. ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पडद्यावर, वक्र रेषेनं करता येतं, तेच अशा संगीतकाराला सोयीचं.

तालाचंही तसंच. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच चार मात्रांचं आवर्तन गृहीत धरतात. रूपकाच्या सात मात्रा किंवा कर्नाटक पद्धतीचा मिश्र चापू बसवण्यासाठी हा आकडा बदलता येतो का, हे पहिल्याच दिवशी तपासावं. ढोलकीचा ठेका मांडताना आणखी एक अडचण येते. क्वांटाइझ नावाची सोय प्रत्येक ठोका जवळच्या रेषेवर ओढून नेते. दर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो; लावणीतला ढोलकीवाला त्यातले काही ठोके मुद्दाम किंचित पुढे-मागे ठेवतो आणि त्यातच त्या ठेक्याचा प्राण असतो. पूर्ण क्वांटाइझ केलं की ठेका बरोबर येतो, पण मेलेला येतो. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये किती टक्के ओढायचं हे ठरवता येतं. पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवून ऐकावं आणि कानाला पटेल तिथे थांबावं.

हलगी, संबळ, तुणतुणं यांचे चांगले तयार नमुने फारसे मिळत नाहीत. ते स्वतः मुद्रित करावेत. फोनवर शांत खोलीत हलगीचे पाच-सहा वेगळे ठोके मुद्रित केले आणि सॉफ्टवेअरच्या सॅम्पलरमध्ये भरले, की कीबोर्डच्या पट्ट्यांवर हलगी वाजू लागते. एलएमएमएसमध्ये ऑडिओ फाइल प्रोसेसर आणि रीपरमध्ये रीसॅम्पलओमॅटिक हे काम करतात. तामिळनाडूत राहणाऱ्याला परई हे हलगीचं जवळचं नातलग वाद्यही याच रीतीनं आपल्या संग्रहात घेता येईल.

वाचलेल्या पैशाचा पहिला हक्क हेडफोनचा. अण्णा नगरच्या सेकंड ॲव्हेन्यूसारख्या वर्दळीच्या रस्त्यालगतच्या घरात, सिमेंटच्या भिंती आणि फिरता पंखा असताना, स्पीकरवरून मिक्सिंगचा अंदाज चुकतो. खर्ज फुगवून न दाखवणारे, तारेचे, कान झाकणारे हेडफोन घ्यावेत. ब्लूटूथचे घेऊ नयेत, कारण त्यात आवाज उशिरा पोचतो. त्यानंतर गायन किंवा वाद्य मुद्रित करायचं असेल तर एक माइक आणि तो संगणकाला जोडणारा छोटा ऑडिओ इंटरफेस. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर सॉफ्टवेअरमधल्या बफरवर ठरतो : ४४,१०० हर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे सहा मिलिसेकंद. विंडोजवर इंटरफेस नसेल तर असिओफोरऑल हा फुकटचा ड्रायव्हर बसवून हा उशीर बराच कमी होतो. मुद्रण करताना बफर लहान ठेवावा आणि मिक्सिंग करताना वाढवावा.

दोन सॉफ्टवेअर हाताशी आले की दोन्हींत एकच छोटी रचना पूर्ण करून पाहावी : एक ठेका, एक खर्ज, एक धून, आणि असल्यास आवाज. कुठे हात अडखळतो ते तेवढ्यात कळतं. रचना पूर्ण झाली की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढून ठेवावा. चोवीस बिटच्या एका मोनो ट्रॅकला मिनिटामागे सुमारे आठ एमबी लागतात. पुढे सॉफ्टवेअर बदललं, कंपनी बंद पडली किंवा एखादं प्लगइन उघडेनासं झालं, तरी या फाइल कोणत्याही ‘डॉ’मध्ये ओळीनं ठेवल्या की गाणं पुन्हा मिक्स करता येतं.