वेबपान वर्डमध्ये आणताना

श्रोतेहो, समोरच्या पडद्यावर मराठी विकिपीडियाचे एक पान आहे. ते सगळे निवडले, कॉपी केले आणि वर्डमध्ये पेस्ट केले. आता बघा: बाजूची माहितीचौकट तक्ता होऊन मजकुरात घुसली, संदर्भांचे चिमुकले आकडे निळे होऊन शब्दांना चिकटले. हे हाताने निस्तरायला बसलात तर संध्याकाळ गेलीच.

असे का होते? टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत एचटीएमएल ही वेबपानांची खुणांची भाषा घडवली, ती पडद्यासाठी. पडदा अरुंद झाला की ओळी आपोआप नव्याने तुटतात. वर्डला मात्र कागद लागतो, समास लागतो. तरी दोघांचे नाते जवळचे आहे. डॉकएक्स फाइल २००७च्या वर्डपासून आली. तिच्या प्रतीचे एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत मजकूर एक्सएमएलच्या खुणांत बांधलेला दिसेल. म्हणजे रूपांतर हे एका प्रकारच्या खुणांतून दुसऱ्या प्रकारच्या खुणांत जाणे आहे. वेबपानातले मथळे वर्डच्या ‘हेडिंग’ शैलीत उतरले, तर अनुक्रमणिका दोन क्लिकमध्ये तयार होते. ते नुसते ठळक अक्षर म्हणून आले, तर वर्डच्या लेखी ते मथळेच नाहीत. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: रंगरूप जाऊ द्या, रचना वाचवा.

एखाददुसरा लेख असेल तर फायरफॉक्सच्या रीडर व्ह्यूमध्ये उघडा. जाहिराती, मेनू गळून पडतात. मग ‘फक्त मजकूर’ पेस्ट करा आणि शैली स्वतः लावा. पानांचा ढीग असेल तर पॅनडॉक वापरा. बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६मध्ये आणलेले हे रूपांतराचे साधन फुकट आहे. (तत्त्वज्ञानाचा असाही उपयोग!) कमांड लाइनच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते, तिला घाबरू नका. एचटीएमएल फाइल थेट वर्डमध्ये उघडलीत तर मात्र चित्रे तपासा. कित्येकदा चित्राच्या जागी नुसता दुवा असतो, आणि फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की तिथे रिकामी चौकट उरते.

आता आपल्या मराठीचे खास दुखणे. युनिकोडपूर्व फाँटांतली जुनी पाने पेस्ट केली की अगम्य अक्षरे येतात. त्यांना त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर लागतो. पण ती चूक निदान दिसते. न दिसणारी चूक ‘ऱ्या’ची. बऱ्याच पानांवर हे अक्षर र, हलन्त, एक अदृश्य जोडक आणि य (किंवा ह) असे लिहिलेले असते. मजकूर साफ करणारी साधने तो जोडक कचरा समजून काढून टाकतात आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘तऱ्हा’चे ‘तर्हा’ होते. शिवाय काही जण हेच अक्षर खाली टिंब असलेल्या ऱ-ने लिहितात. दिसायला दोन्ही सारखी, पण एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही.

तेव्हा सभागृहात दिवाळी अंकांचे संपादक असतील तर त्यांना विनंती: छपाईला देण्याआधी ‘र्या’ आणि ‘र्हा’ शोधून एकेक जागा डोळ्यांनी बघा. ‘सगळे बदला’चे बटण दाबू नका, त्याने ‘मर्यादा’ची ‘मऱ्यादा’ आणि ‘कार्यालया’चे ‘काऱ्यालय’ होते.