तोफगोळा, विटी आणि विद्यार्थ्याचे उत्तर



मराठी वाचकाला कोलकात्याचे फोर्ट विल्यम परिचित असते ते तेथील कॉलेजामुळे. 1800 साली स्थापन झालेल्या या कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण 1805 साली आणि कोश 1810 साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. कॉलेजाला नाव किल्ल्याचे मिळाले, वर्ग मात्र रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत. त्यामुळे खुद्द किल्ल्याकडे भाषेच्या अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. ‘बल आणि गती’ या विषयाची सुरुवात त्या किल्ल्यापासून करण्यास मात्र सबळ कारण आहे.

प्लासीच्या लढाईनंतर, 1758 मध्ये, हुगळीच्या काठी नव्या किल्ल्याचे काम सुरू झाले. आराखडा अष्टकोनी, तट बुटके आणि जाड, त्यांचे कोन बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले. भोवतीची जमीन मोकळी राखली गेली, तेच आजचे मैदान. ही सारी रचना एका प्रश्नाच्या उत्तरावर बेतलेली होती: तोफेतून सुटलेला गोळा कसा जातो? (अलीकडे या किल्ल्याला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गाचे नाव देण्यात आले आहे. तोफा आणि तट यांचे नाते मराठी मुलुखाला नवे नाही.)

या प्रश्नाला युरोपातील गोलंदाजांचे एक जुने उत्तर होते. गोळ्यात तोफेने जोर भरलेला असतो, तोवर तो सरळ जातो. जोर ओसरू लागला की वळतो. संपला की खाली पडतो. 1537 साली तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने छापलेल्या आकृतीत गोळ्याचा मार्ग असाच दिसतो: एक तिरपी सरळ रेषा, मग एक कमान, मग उभी खाली येणारी रेषा. गॅलिलिओने 1638 मध्ये हवेचा विरोध बाजूला ठेवून तो मार्ग परवलयाचा असतो हे दाखविले. 1742 मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने टांगलेल्या जड लाकडी लंबकावर बंदुकीची गोळी झाडून, लंबक किती झुलतो त्यावरून गोळीचा वेग काढला आणि हवेचा विरोध समजला जातो त्याहून फार मोठा असतो हे सिद्ध केले. हेच रॉबिन्स पुढे कंपनीचे मुख्य अभियंता होऊन किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि 1751 साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारले. फोर्ट विल्यमची नवी बांधणी सुरू व्हायला तेव्हा अजून सात वर्षे होती.

आता तोफेऐवजी दांडूने उडवलेली विटी घ्यावी. ती वर जात असताना तिच्यावर कोणती बले कार्य करतात, असे नववीच्या वर्गात विचारले की उत्तर बहुधा असे येते: टोल्याचा जोर वर, गुरुत्वाकर्षण खाली, जोर जास्त आहे तोवर विटी वर जाते, दोन्ही सारखे झाले की क्षणभर थांबते, जोर संपला की खाली येते. उत्तर सुसंगत आहे, विचारपूर्वक दिलेले आहे आणि चुकीचे आहे. विटी दांडूपासून सुटली त्या क्षणी दांडूचे बल संपले. त्यानंतर तिच्यावर फक्त गुरुत्वाकर्षण आणि हवेचा थोडा विरोध. अगदी वरच्या टोकाला, जिथे मुले ‘शून्य’ असे लिहितात, तिथेही गुरुत्वाकर्षण तेवढेच असते.

अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर फेकलेल्या नाण्याविषयी हाच प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारला होता. बहुसंख्यांनी वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेचा बाण काढला. फ्रान्समध्ये लॉरेन्स व्हिएनो यांना 1979 मध्येच असा विचार आढळला होता. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही या दिशेने काम झाले. पानसे, जयश्री रामदास आणि अरविंद कुमार यांनी 1994 साली सापेक्ष गतीविषयीच्या अशाच समजुतींचा शोध घेतला. तेव्हा ही काही एखाद्या शाळेची किंवा माध्यमाची उणीव नव्हे.

आणि हा विचार परकाही नव्हे. वैशेषिक दर्शनात बाणाच्या गतीचे विवेचन आहे. पहिली हालचाल धनुष्याच्या प्रेरणेने होते, तिच्यातून बाणात ‘वेग’ नावाचा संस्कार उत्पन्न होतो, पुढची गती त्या संस्काराने चालते, आणि तो संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. विटीविषयी बोलणारा विद्यार्थी नकळत कणादांच्या परंपरेत बोलत असतो. पाठ्यपुस्तकात ‘वेग’ हा शब्द आज निराळ्या अर्थाने येतो, पण बोलीत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘गाडीत दम नाही’, ‘चेंडूत जोर नव्हता’ असे म्हणताना जोर वस्तूच्या आत साठवलेला आहे, असेच गृहीत धरलेले असते.

अशा मुलाला ‘बल = वस्तुमान × त्वरण’ एवढे पाठ करून देणे सोपे आहे. तो गणित सोडवील, गुण मिळवील आणि बाण पुन्हा वरच काढील. नुकसान होते ते इथे, आणि ते गुणपत्रिकेत दिसत नाही. त्याऐवजी कॅरमची फळी पुढे करावी. पावडर टाकलेल्या फळीवर आणि दमट फळीवर स्ट्रायकर सारख्याच टोल्याने सोडावा. जोर आपोआप संपत असेल, तर पावडरीने फरक का पडावा? वर्गात इथे थोडी शांतता होते. मग कोणी तरी घर्षणाचे नाव घेतो आणि स्ट्रायकर थांबण्याचे कारण त्याच्या आतून बाहेर येते. मुलाची कल्पना तेव्हाही टाकून द्यावी लागत नाही. तो ज्याला ‘आतला जोर’ म्हणतो, त्याच्या सर्वांत जवळचा शब्द पुस्तकात आहेच, तो म्हणजे ‘संवेग’. चूक एवढीच, की तो संवेगाला बल म्हणत होता.

मराठी शाळेचा लाभ नेमका इथे आहे. जोर, नेट, रेटा, हिसका, दम हे शब्द ज्या मुलाच्या तोंडी आहेत, तो आपली चूक पूर्ण वाक्यात मांडू शकतो. परक्या भाषेत तोच मुलगा पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवतो आणि त्याच्या मनात काय आहे हे शिक्षकाला कळतच नाही.

यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. घटक चाचणीत विटीची तीन चित्रे द्यावीत: वर जाताना, टोकाला, खाली येताना. प्रत्येकावर बलाचे बाण काढण्यास सांगावे, आणि प्रत्येक चित्राखाली ‘असे का?’ लिहून चार ओळी कोऱ्या सोडाव्यात. बाणांना गुण द्यावेत, आणि त्या चार ओळी दुसऱ्या दिवशी वर्गात वाचाव्यात.